बायांची बॅच

सोळा भाज्या निवडायला बसलं, की घरातल्या बायांच्या पोटातलं आपसूक बाहेर येतं. महालक्ष्म्या बसवायला लागल्यापासून सुभद्राबाईंचा हा अनुभव होता. कोणाची जाऊ, कोणाचं दुखणं, कोणाच्या नवऱ्याचा हट्ट, सगळं त्या टोपल्यांभोवती बोललं जाई आणि देठांसोबत केराला जाई. पण यंदा सुनेनं जे काढलं, ते केरात टाकण्यासारखं नव्हतं.

प्रणिता आदल्या दिवशीच अमोलसोबत अकोल्याहून आली होती. एरवी आल्या आल्या पदर खोचणारी ही पोरगी यंदा गप्प होती. अमोल मुखवट्यांची पेटी काढायला माळ्यावर चढला होता, त्याचे वडील नत्थुजी केळीचे खांब आणायला गेले होते, त्यांची थोरली बहीण पंचफुलाबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. आसपास कोणी नाही असं पाहून प्रणितानं हातातलं दोडकं खाली ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “आई, ह्यायचं बाहेर कोठीतरी सुरू हाय.”

मग हळूहळू सगळं निघालं. दोन महिने झाले, अमोल डाळमिलमधून सुटल्यावर सरळ घरी येत नाही. विचारलं तर म्हणतो, काम वाढलं. मिलमधल्याच एकाच्या बायकोला प्रणितानं सहज विचारलं, तर ती म्हणाली, काम उलट कमी झालंय. पुढे प्रणिताच्या मावसभावाला जठारपेठेत एका घरासमोर अमोलची मोटरसायकल दिसली. पुन्हा दिसली. तिसऱ्यांदा तो कोपऱ्यावर थांबूनच राहिला, तर त्या घरातून हसतखिदळत बाया बाहेर पडल्या आणि सगळ्यांच्या मागून मान खाली घालून अमोल. फोन आला की “हो मॅडम, हो मॅडम” करत गच्चीवर जातो. आरशासमोर उभा राहून ओठ हलवतो, आपलं आपण हसून पाहतो.

“लग्नाच्या वक्ताले बी इतकं आरशात पायलं नसन त्यायनं,” प्रणिता म्हणाली आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

सुभद्राबाईंना ते खरं वाटेना, आणि खोटं आहे असं छातीठोक सांगताही येईना. अमोल त्यांचा थोरला. चाळिशी ओलांडलेला, डाळमिलमधला सुपरवायझर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्या मनातलं त्यांना शेवटचं कधी कळलं होतं? पूजा नीट पार पडू दे, मग मी पाहते, एवढंच त्या सुनेला म्हणाल्या. दोघी पुन्हा निवडायला लागल्या. आतल्या खोलीत खाट करकरली, तिकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही.

दुपारच्या गाडीनं आचल आली. अमोलहून दोन वर्षांनी लहान, तीही अकोल्यालाच दिलेली. सासरचं सगळं करून ती इंग्रजी बोलायचे वर्ग घ्यायची आणि वर्गाचं तिचं बऱ्यापैकी नाव झालं होतं. बायांच्या वेगळ्या बॅचची जागा यंदा बदलल्याचं तिनं आईला फोनवर सांगितलं होतं. माहेरच्या उंबऱ्यात पाय पडला की ती शिक्षिका राहत नसे. आल्या आल्या तिनं पुरणाचं पातेलं ताब्यात घेतलं. सुभद्राबाईंनी वेलची कुटता कुटता तिच्यापाशी विषय काढला. दोघंही एकाच गावात राहता, तुला काही दिसलं का, कानावर आलं का, असं विचारलं.

आचलचा पुरण घाटणारा हात थांबला.

“दादाबद्दल मले काही विचारू नोको, आई. वाईट काही नाई हाय, एवढं सांगते. बाकीचं सांगाचं नाई, असा शब्द देल्ला हाय मी त्याले.”

एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण वहिनीचा सुकलेला चेहरा तिला पाहवला नाही. संध्याकाळी फुलोरा बांधताना तिनं प्रणिताला बाजूला घेतलं आणि दादावर भरवसा ठेवा, अशी गळ घातली. प्रणितानं त्यातून उलटंच घेतलं. म्हणजे ह्यांना सगळं माहीत आहे. म्हणजे बहीण भावाचं झाकते आहे. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी माहेरी पाठवायला नकार दिला, तेव्हा हीच नणंद तिच्या बाजूनं बापाशी भांडली होती. ती नणंद आता त्या पक्षाला गेली. प्रणिता उठून सरळ पंचफुलाबाईंच्या शेजारी जाऊन बसली, आणि पंचफुलाबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. सकाळी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी सगळंच ऐकलं होतं.

पंचफुलाबाई म्हणजे या घरातलं हायकोर्ट. आई गेल्यावर नत्थुजींना त्यांनीच वाढवलेलं. नत्थुजी जगात कोणाचं ऐकत नसत, पण बहिणीनं “नत्था” म्हटलं की सत्तरी उलटलेला हा माणूस पोरासारखा उठून उभा राही.

आरतीच्या वेळी सुभद्राबाईंचं लक्ष ज्येष्ठा-कनिष्ठांच्या मुखवट्यांकडे कमी आणि त्यांच्या पायाशी मांडलेल्या लेकरांकडे जास्त होतं. एक मुलगा, एक मुलगी. मुलाच्या डोक्यावर जरीची टोपी, मुलीच्या अंगावर उरल्यासुरल्या खणाचा परकर. दरवर्षी असंच. टोपी मुद्दाम शिवून घेतली जाई, परकर मात्र जे हाताला लागेल त्याचा. बघता बघता त्यांना बडनेऱ्याचं क्वार्टर आठवलं.

दीड खोलीचं रेल्वेचं क्वार्टर ते. गाडी गेली की मांडणीतली भांडी आपसात बोलायला लागत. पोरं झोपली असली तरी मालगाडीनं जागी होत नसत, पण मालगाडी आलीच नाही तर दचकून उठत. नत्थुजी तेव्हा स्टेशनात पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलून देणारे. शेतकऱ्याच्या घरातला पहिला नोकरदार, खाकी कपड्यांना रोज कडक इस्त्री. एकदा पाहणीला आलेला मोठा साहेब सगळ्यांसमोर त्यांच्याशी इंग्रजीत पुष्कळ वेळ बोलला. साहेब शाबासकी देतोय असं समजून नत्थुजी हात जोडून हसत राहिले. साहेब निघून गेल्यावर बाबूनं सांगितलं, की तो शिव्या देत होता.

त्या दिवशी नत्थुजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अमरावतीहून इंग्रजीचं पुस्तक घेऊन आले. अमोल तेव्हा पाचवीत गेला होता, शाळेत एबीसीडी नुकती सुरू झालेली.

रोज संध्याकाळी समोरच्या खोलीत लाकडी स्टूल मांडलं जाई. त्यावर अमोल उभा. समोर खाटेवर नत्थुजी, आणि चहाला आलेले दोन-चार शेजारी. “वाच. मोठ्यानं वाच.” मारलं कधी नाही. चुकलं की फक्त म्हणत, “पयल्यापासून.” पोरगं पहिल्यापासून सुरू करी, त्याच शब्दापाशी येई आणि तिथंच अडखळे. आपल्याला मार चालला असता, असं एकदा तो आईला म्हणाला होता. अंगठा चड्डीच्या शिवणीवर घासत राही, कान लाल होत, वरच्या ओठावर घाम येई, आणि जीभ टाळ्याला चिकटली की मग ब्रह्मदेव आला तरी तोंडातून शब्द निघत नसे. शेजारी म्हणत, राहू द्या नत्थुजी, पोरगं लहान आहे. नत्थुजी म्हणत, लहान आहे तोवरच. त्याले गार्ड कराचं हाय मले, स्टेशनमास्तर कराचं हाय.

आचलला कोणी स्टुलावर चढवलं नाही. ती आत आईजवळ पोळ्या लाटे. दाराच्या फटीतून दादाचं इंग्रजी आत येई, आणि ती पोळपाटावर मान हलवत तेच शब्द पुटपुटे. सुटका झाल्यावर अमोल आत येऊन चुलीजवळ बसे, आणि मग खरी गंमत सुरू होई. बाहेर न निघालेला शब्द आत आपोआप निघे. तो मीठ मागे इंग्रजीत, ही पाणी देई इंग्रजीत. ज्याचं इंग्रजी नाव माहीत नाही, त्याचं नाव दोघं मिळून पाडत. कढी म्हणजे “यलो रिव्हर.” ठेचा म्हणजे “ग्रीन फायर.” सातवीपर्यंत शिकलेल्या सुभद्राबाईही त्यात ओढल्या गेल्या. “गिव्ह मी टू ग्रीन फायर” असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा दोन्ही पोरं पोट धरून जमिनीवर लोळली होती.

ते हसणं बाहेर ऐकू गेलं. नत्थुजी दारात येऊन उभे राहिले. इंग्रजी ही हसायची गोष्ट नाही, एवढंच ते बोलले. दुसऱ्या दिवसापासून अभ्यासानंतर अमोलनं बाहेरच बसायचं, असं ठरलं. आत उरल्या दोघी मायलेकी. खेळ हळूहळू बंद पडला.

पुढं आचलला दहावीला इंग्रजीत शाळेत सगळ्यांहून जास्त गुण पडले. नत्थुजींनी “बरं झालं” म्हटलं, आणि तुझे काहून कमी होते म्हणून अमोलला पुन्हा दोन वर्षांपूर्वीचं विचारलं. अमोल बारावीला इंग्रजीतच नापास झाला. दुसऱ्या खेपेला निघाला, पण मग रेल्वेच्या परीक्षेचं नाव कोणी काढलं नाही. अकोल्याच्या डाळमिलमध्ये लागला आणि तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सकाळपासून माणसांची रीघ. अमरावतीच्या साईनगरातल्या त्या घरात समोरच्या खोलीत पंगतीमागून पंगत उठत होती. आंबील, पुरणपोळी, वडे, सोळा भाज्यांची ती एकच भाजी, नको नको म्हणत सगळे दोनदा घेत होते. वाढायला अमोल, पाणी द्यायला शेजारची मंडळी. आचल आणि प्रणिता एकाच चुलीपाशी उभ्या होत्या, पण झारा लागला तर एकमेकींना न मागता सुभद्राबाईंना मागत होत्या.

शेवटचे पाहुणे विडा घेऊन गेले. बाया जेवायच्या अजून राहिल्या होत्या. सुभद्राबाई आंबिलीचं पातेलं उतरवत होत्या, तेवढ्यात समोरच्या खोलीतून नत्थुजींचा आवाज आला.

“अमोल. अथी ये.”

त्या आवाजानंच त्यांना कळलं. वन्संनी भावाच्या कानावर घातलं होतं. हात पुसून त्या मधल्या दारात आल्या. पंचफुलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्यामागे प्रणिता, डोक्यावरचा पदर पुढे ओढलेली. आचल आईच्या मागं येऊन उभी राहिली. नत्थुजी खाटेवर बसले होते. देवीसमोर समई जळत होती.

“जठारपेठेत तुयं काय हाय?” त्यांनी विचारलं.

अमोल भिंतीजवळ जाऊन उभा राहिला.

“रोज जातं मने तथी. घरी सांगत नाई. कोणाच्या घरी जातं?”

अमोलची नजर फरशीवरून हलली नाही.

“कोणती मॅडम हाय ते तरी सांग आता,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “बायको पाठीमांगं बसून रडून रायली. बोलत नाई मनजे कबूलच झालं, नत्था.”

सुभद्राबाईंनी मुलाकडे पाहिलं. डोक्याचे केस विरळ झालेला, पोट थोडं सुटलेला त्यांचा मुलगा भिंतीजवळ उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते, आणि उजव्या हाताचा अंगठा पँटच्या शिवणीवर वरखाली, वरखाली घासत होता.

भानगड पकडली गेलेली माणसं त्यांनी आयुष्यात पाहिली होती. खुद्द त्यांचा दीरच तसा होता. तसली माणसं चिडतात, शपथा घेतात, समोरच्यालाच वेड्यात काढतात. अशी स्टुलावर उभी राहिल्यासारखी राहत नाहीत. हे गप्प राहणं वेगळं होतं. त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

“आचल,” त्या मागं न वळता म्हणाल्या, “तुया बायांच्या बॅचची जागा बदलली मने तू. आता कोठी भरते?”

आचलनं दादाकडे पाहिलं. अमोलनं जेमतेम दिसेल एवढी मान हलवली, नाही म्हणून. पण ती हललेली मान प्रणितानं पाहिली.

“तू शब्द देल्ला, तू नोको सांगू,” सुभद्राबाई म्हणाल्या. “मी सांगते. तो इंग्रजी शिकाले जाते.”

मग आचलनं सुस्कारा सोडला, आणि एकदा सुटलेलं मग सगळंच आलं. जठारपेठेतलं ते घर नसीमबानोंचं होतं. त्या शिवणवर्ग चालवत, आणि संध्याकाळी मशिनी बाजूला सारून तीच खोली आचलला देत. स्वतःही पुढच्या रांगेत बसत. मिलच्या मालकानं अमोलला सांगितलं होतं, की दिवाळीच्या आधी बाहेरदेशातले खरेदीदार मिल पाहायला येतील, त्यांना तू फिरवायचं, तू समजावून सांगायचं. जमलं तर मॅनेजर तू. नाही जमलं तर मालकाचा भाचा आहेच. गड्यांच्या बॅचला जायला अमोल तयार नव्हता. तिथं मिलमधलीच दोन पोरं येत होती. एकटं शिकवते म्हटलं, तर समोरासमोर त्याची जीभच उचलत नव्हती. म्हणून बायांच्या बॅचमध्ये मागं, चपलांच्या कपाटापाशी. सगळ्यांसारखं त्यानंही मॅडमच म्हणायचं, ही अट आचलनं घातली होती.

पंचफुलाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांना हसू आलं. आपण हसतोय हे लक्षात आल्यावर त्या पानाचा डबा चाचपू लागल्या.

प्रणिता मात्र हसली नाही. ती उठून नवऱ्यासमोर आली. सासऱ्यांसमोर ती कधी नवऱ्याशी मोठ्यानं बोलली नव्हती.

“मले काहून नाई सांगतलं तुमी?”

“लाज वाटे,” अमोल म्हणाला.

“अन् मी दोन महिने काय समजून रायली होती, त्याची नाई वाटली?”

अमोलनं पहिल्यांदा मान वर केली. “थोडंफार समजत होतं मले. तू फोन पाये, खिसे पाये.” तो थांबला. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलला. “पण मले वाटलं, बाईचं नाव निघालं तर लोक बदमाश मनतीन. मानूस तर मनतीन. लहान बह्यनीपुढं बसून ‘आय ॲम, यू आर’ करतो, हे निघालं तर काय मनतीन?”

प्रणितानं त्याच्याकडे पाहिलं. मग ती आत निघून गेली. चुलीपाशी भांडं आपटल्याचा आवाज आला.

नत्थुजी इतका वेळ आचलकडे पाहत होते. रागानं नाही. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं आणि नाव आठवू नये, तसं.

“तुले कोणी शिकवलं?” त्यांनी विचारलं. “शिकवणी तर तुले कधी लावली नाई मी.”

“तुमीच, बाबा.”

“म्या?”

“तुमी दादाले बाहेर शिकवत होते, मी अंदर ऐकत होती. मले कोणी विचारत नोहोतं. मनून भेव नोहोतं.” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. “चुकलं तरी कोणाले समजत नोहोतं, तं मी बोलत रायली.”

नत्थुजी खाली पाहू लागले. ते हळूच म्हणाले, “मले वाटे, मी त्याले शिकवून रायलो.”

मग ते उठले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. पंचफुलाबाईंनी हाक मारली, “नत्था, विडा तरी घे.” त्यांना ऐकू गेलं नसावं.

बाया जेवायला बसल्या तेव्हा ऊन कलंडलं होतं. स्वयंपाकघरात खालीच चार ताटं मांडली. घास घेता घेता आचल सांगत होती. पहिले कितीतरी दिवस दादा नुसता बसून राहायचा. वर्गातल्या बाया मात्र बेधडक चुकायच्या. चुकल्या की खदखदून हसायच्या, आणि पुन्हा चुकायच्या. एका संध्याकाळी नसीमबानो मागं वळून म्हणाल्या, भाईसाब, आमच्या घरी कोणी आम्हाला बोलूच देत नाही, इंग्रजीत काय नि कशात काय. आम्ही इथं चुकायला येतो. तुम्ही कशाला येता? त्यावर दादा पहिलं वाक्य बोलला. काय बोलला, ते आचलनं सांगितलं नाही. फार चुकीचं होतं, एवढंच म्हणाली. आणि बाया हसल्या, आणि तोही हसला.

“बडनेऱ्याले हसे तसा,” ती आईला म्हणाली.

सुभद्राबाईंनी मान खाली घालून आंबिलीचा घोट घेतला. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की त्या दीड खोलीतलं सगळं आपल्याच तेवढं लक्षात आहे.

प्रणिता ताटातलं पुरण चिवडत ऐकत होती. तिच्या मनातलं सुभद्राबाईंना कळत होतं. तो भानगड्या नाही हे ऐकून जीव भांड्यात पडला होता खरा. पण आपण रोज उशी भिजवत होतो आणि हा माणूस ते पाहून गप्प राहिला, हे गिळायचं कसं? संध्याकाळी हळदीकुंकवाला बाया आल्या, तेव्हा ती सगळ्यांशी हसून बोलली. अमोल समोर आला की तेवढं तोंड फिरवत राहिली.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठायच्या होत्या. पुढं दिवाळीच्या आधी ते खरेदीदार खरंच आले. अमोलनं त्यांना मिल दाखवली. डाळीच्या चुरीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला ऐन वेळी आठवलं नाही, तेव्हा त्यानं सरळ “चुरी” म्हटलं, हातात घेऊन दाखवली, आणि त्यातल्या गोऱ्या बाईनं “चुरी, चुरी” म्हणत ती पिशवीत भरून घेतली. मॅनेजरची खुर्ची त्याला मिळाली. भाच्याचं आणि त्याचं पुढं वाजलं, त्याचीही गोष्ट आहे. पण कोणी अमोलच्या मॅनेजर होण्याचा विषय काढला, की सुभद्राबाईंना मिल आठवत नसे. आठवे ती तिसऱ्या दिवसाची सकाळ.

नैवेद्याचा दहीभात कालवून त्या मागच्या दारी हात धुवायला गेल्या होत्या. परसात पेरूच्या झाडाखाली आचल दादाची तयारी करून घेत होती. तीन डबे उपडे ठेवले होते, ती मिल. अमोल एकेका डब्यापाशी जाऊन सांगत होता, इथं डाळ भिजते, इथं वाळते, इथं पॉलिश होते. शब्द अडला की आचल लगेच सुचवी, आणि तो चिडे. थांब ना, मले आठवू दे ना. ती म्हणे, पाहुणे थांबतील का? दोघं अशी भांडत होती, की मध्ये तीस वर्षं गेलीच नव्हती जणू.

“मीच सांगतो अन् मीच ऐकतो, असं कसं जमन,” अमोल म्हणाला. “विचारणारं कोणीतरी पायजे.”

धुतलेल्या साड्या वाळत घालता घालता प्रणिता थांबली. बारावीपर्यंत तीही दर्यापूरला शिकली होती. लग्नानंतर तिच्या तोंडून कोणी इंग्रजी ऐकलं नव्हतं. तिनं बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि त्या डब्यांच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

“मी विचारते,” ती म्हणाली.

आचल बाजूला झाली. समोरच्या खोलीत नत्थुजींनी बातम्या लावल्या होत्या. त्या एकदम बंद झाल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण कोणी बाहेर आलं नाही.

प्रणितानं मनात जुळवाजुळव केली. ओठ दोनदा हलले. मग सरळ नवऱ्याच्या डोळ्यांत पाहून तिनं विचारलं, “व्हेअर डू यू गो, एव्हरी इव्हिनिंग?”

अमोलचा अंगठा शिवणीकडे गेला. सुभद्राबाई दारात ओल्या हातानं थिजल्या. पेरूवरून एक पोपट उडाला. प्रणिता वाट पाहत उभी होती. तिनं घाई केली नाही, सुचवलं नाही, नजरही काढली नाही.

“एव्हरी इव्हिनिंग,” अमोल म्हणाला, “आय गोइंग टू माय सिस्टर. टू लर्न. आय वॉज... आय वॉज फिअर. आय नॉट टेल यू. सॉरी.”

“आय गो, दादा,” आचल म्हणाली. “आय गो. अन् फिअर नाई, अफ्रेड. आय डिड नॉट...”

“राहू द्या, ताई,” प्रणिता म्हणाली. “मले समजलं.”